श्रीहरिकोट्याला उड्डाण बघायला: नाशिकहून पाच दिवस

निघण्याआधीचा आठवडा, नाशिक

परतीचं तिकीट उड्डाणाच्या दुसऱ्या दिवशीचं काढू नका. बाकी सगळं नियोजन याच्या नंतर. इस्रोचं उड्डाण बघायला गेलेल्यांची निराशा होते ती रॉकेटमुळे कमी आणि रजेच्या हिशेबामुळे जास्त. चांद्रयान-२ १५ जुलै २०१९ च्या पहाटे २:५१ ला उडणार होतं. उलटगणती ५६ मिनिटं २४ सेकंदांवर थांबली आणि उड्डाण रद्द झालं. ते झालं थेट २२ जुलैच्या दुपारी. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपच्या प्रोबा-३ उपग्रहात ऐनवेळी शंका निघाली, ते नेणारं पीएसएलव्ही रॉकेट एक दिवस थांबलं आणि ५ डिसेंबरला दुपारी ४:०४ ला गेलं. गगनयानच्या पहिल्या चाचणीत, २१ ऑक्टोबर २०२३ ला, गणती पाच सेकंदांवर अडली आणि उड्डाण त्याच सकाळी १० वाजता झालं. म्हणजे लांबण कधी तासाभराची, कधी एका दिवसाची, कधी आठवड्याची. तासाभराची असेल तर पाण्याची बाटली पुरते. एका दिवसाची असेल तर राखीव दिवस लागतो. आठवड्याची असेल तर घरी परत यायचं, त्याला इलाज नाही. म्हणून पाच दिवस: जायला दोन, उड्डाणाचा एक, राखीव एक, यायला एक आणि वर रात्रीची गाडी.

श्रीहरिकोट्याच्या सतीश धवन अंतराळ केंद्रातली प्रेक्षक गॅलरी सर्वसामान्यांसाठी २०१९ साली खुली झाली. प्रवेश मोफत आहे, पण केंद्राच्या संकेतस्थळावर नाव नोंदवावं लागतं आणि नोंदणी उड्डाणाच्या जेमतेम काही दिवस आधी उघडते. मोठ्या मोहिमेला जागा बघता बघता संपतात. त्यामुळे प्रत्येकाचं पूर्ण नाव, ओळखपत्राचा क्रमांक आणि मोबाइल नंबर एका कागदावर आधीच लिहून ठेवा. ओटीपी येणारा फोन नोंदणी करणाऱ्याच्या हातात हवा. तो ऑफिसात आणि नोंदणी करणारा घरी, असं असेल तर जागा गेलीच समजा. नाव ओळखपत्रावर जसं आहे तसंच भरा. पास छापून घ्या आणि ओळखपत्र मूळ न्या, कारण ज्या ठिकाणी तो दाखवायचा त्याच ठिकाणी हजारो फोनमुळे नेटवर्क बसलेलं असतं. फोन, कॅमेरा, पिशवी, डबा यांतलं काय आत चालेल ते त्या त्या वेळच्या सूचनेत वाचा आणि वादाची वस्तू लॉजवरच ठेवा.

नोंदणी उशिरा आणि रेल्वे आरक्षण ६० दिवस आधी, हा खरा पेच. त्यातून वाट अशी: हवाई वाहतुकीला आणि समुद्रातल्या बोटींना दिल्या जाणाऱ्या सूचना नोंदणीच्या आधी बाहेर येतात. त्यांत एकच तारीख नसते, काही दिवसांचा पट्टा असतो. त्या पट्ट्याचा पहिला दिवस उड्डाणाचा धरून जाण्याचं आरक्षण करावं आणि परतीसाठी दोन पर्याय मनात ठेवावेत. तत्काळ आरक्षण गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी उघडतं, एसीसाठी सकाळी १० ला आणि बिगर-एसीसाठी ११ ला. ऑनलाइन तत्काळला आता आधारशी जोडलेलं खातं लागतं. ही जोडणी नाशिकमध्येच उरकून घ्या.

कुठलं रॉकेट बघायचं यात निवड करता आली तर करावी. पीएसएलव्ही ४४ मीटर उंच आणि सुमारे ३२० टनांचं. वजनाच्या मानाने त्याला जोर जास्त, त्यामुळे ते उडी मारल्यासारखं उठतं आणि बघता बघता वर जातं. एलव्हीएम-३ जवळपास तेवढ्याच उंचीचं, पण ६४० टनांचं. दोन्ही बाजूंना जोडलेल्या एस-२०० बूस्टरमध्ये, म्हणजे जास्तीचा जोर देणाऱ्या मोटारींमध्ये, प्रत्येकी सुमारे २०० टन घन इंधन. ते त्या मानाने सावकाश उठतं, उजेड डोळ्यांत भरतो आणि आवाज अंगावर येतो. जीएसएलव्ही सगळ्यांत उंच, ५१ मीटरच्या वर. पहिल्यांदाच जाणार असाल आणि एलव्हीएम-३ ची तारीख जवळ असेल तर तिच्यासाठी थांबा, हे आमचं मत. वेळ निवडता येत असेल तर रात्रीची घ्या. ३० डिसेंबर २०२४ ला स्पेडेक्स घेऊन गेलेलं पीएसएलव्ही रात्री दहाला उडालं. अशा उड्डाणात ज्वाळेचा ठिपका दिवसापेक्षा कितीतरी जास्त वेळ दिसत राहतो. दुपारच्या उन्हात तोच दोन मिनिटांत हरवतो.

पहिला दिवस: नाशिक रोड, कल्याण आणि रात्रभर गाडी

नाशिकहून सोयीची थेट गाडी नाही, असंच धरून चाला. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून कल्याणला उतरायचं आणि तिथून दुपारची मुंबई–चेन्नई एक्सप्रेस. मधे तीन-चार तास राहतात, आणि ते राहू द्यावेत. कसारा घाटात पावसाळ्यात गाडी कधी रखडेल याचा नेम नसतो. पुण्याला बसने जाऊन तिथे गाडी पकडण्याचा पर्याय नकाशावर छान दिसतो, पण नारायणगाव ते चाकण या टप्प्यात गाडी चुकवण्याची ताकद रॉकेटच्या कुठल्याही बिघाडापेक्षा जास्त आहे.

ओझरहून हैदराबाद किंवा बंगळूरूमार्गे विमानानेही चेन्नई गाठता येते. तारीख जवळ येते तसं भाडं चढतं आणि तारीख बदलली की ते बुडतं. चार-पाच जणांचा गट असेल तर गाडीच बरी.

डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, गुळपोळ्या असं टिकाऊ घ्या. दुसऱ्या दिवसापासून भात, सांबार, पप्पू (तिकडचं वरण) आणि दही यांवर राहायचंय. त्यात चटणीची पुडी कामाला येते. पाण्याच्या बाटल्या माणशी दोन, ओआरएसची पाकिटं, टोपी, पातळ सुती कपडे. नाशिकच्या कोरड्या हवेतून गेलेल्या माणसाला तिथला दमटपणा पहिल्या दिवशी फार जाणवतो. सावलीत बसूनही शर्ट भिजतो आणि तहान लागण्याआधीच अंगातलं पाणी कमी झालेलं असतं.

दौंडच्या पुढे गाडी भिगवणवरून जाते. वालचंदनगर तिथून फार लांब नाही. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याची पोलादी कवचं तिथल्या कारखान्यात बनत आली आहेत. द्रव इंधनावर चालणारी विकास इंजिनं विक्रोळीत गोदरेजकडे तयार होतात. परवा बंगालच्या उपसागरावर दिसणाऱ्या वस्तूचा बराच भाग अशा ओळखीच्या गावांतून गेलेला असतो. सोलापूर रात्री येतं. त्यानंतर झोपून घ्या; वाडी, रायचूर, गुंतकल हे सगळं अंधारात जातं.

दुसरा दिवस: रेणिगुंटा ते सुल्लुरपेटा

सकाळी कडप्पानंतर रेणिगुंटा येतं. चेन्नईपर्यंत न जाता इथेच उतरलं तर उलटा फेरा वाचतो. इथून श्रीकाळहस्ती, नायडुपेटा आणि मग चेन्नई–नेल्लूर महामार्गाने दक्षिणेला सुल्लुरपेटा, श्रीहरिकोट्याच्या अलीकडचं गाव. एकूण अंतर शंभर किलोमीटरच्या आत. गाडी ठरवताना चालकाशी एक गोष्ट स्पष्ट बोला: उड्डाणानंतर दोन-तीन तास कोंडी असणार, त्याचं थांबण्याचं भाडं आत्ताच ठरवायचं. नंतर त्या गर्दीत घासाघीस होत नाही. एकटे-दुकटे असाल तर सरळ चेन्नईला जा. सेंट्रलला लागूनच मूर मार्केटचं उपनगरी स्थानक आहे, तिथून लोकल मिळते. पण पाटी नीट वाचा: बहुतेक लोकल गुम्मिडीपूंडीलाच संपतात, मोजक्याच सुल्लुरपेटापर्यंत जातात. प्रवास दोन तासांच्या वर. बसने जायचं असेल तर आंध्रच्या गाड्या माधवरमच्या बसस्थानकावरून सुटतात. नेल्लूरकडे जाणारी बस सुल्लुरपेट्याला सोडते.

श्रीकाळहस्तीचं वायुलिंग वाटेवरच आहे. त्र्यंबकेश्वर ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहे त्यांना थांबायचा मोह होणारच. आज थांबू नका. रांग किती तास घेईल ते सांगता येत नाही, आणि चेक-इन, जेवण, उद्याच्या रस्त्याची पाहणी ही आजची कामं आहेत. राखीव दिवस कशासाठी आहे?

सुल्लुरपेटा छोटं गाव. लॉज मोजके आणि उड्डाणाच्या आठवड्यात भरलेले, त्यात अंतराळ केंद्राच्या कामासाठी आलेले लोकही असतात. इथे नाही मिळालं तर उत्तरेला नायडुपेटा किंवा गुडूर, दक्षिणेला तडा किंवा गुम्मिडीपूंडी. खोली फोनवर ठरवताना ‘उड्डाण पुढे गेलं तर आणखी एक रात्र मिळेल का’ हे विचारून घ्या. हो म्हणणारा लॉज थोडा महाग असला तरी तोच घ्यावा. गावात तेलुगू आणि तमिळ दोन्ही चालतात. हिंदी दुकानात चालते, रिक्षावाल्याकडे चालेलच असं नाही. पास आणि लॉजचा पत्ता फोनच्या पडद्यावर उघडा ठेवलेला बरा.

कालंगी नदीकाठी चेंगाळम्मा परमेश्वरीचं देऊळ आहे. उड्डाणाआधी इस्रोचे अध्यक्ष इथे दर्शनाला येतात हे दर वेळी बातम्यांत असतं. दर्शन घेऊन संध्याकाळी श्रीहरिकोट्याकडे वळणारा फाटा बघून या. सकाळी किंवा रात्री गर्दीत तो शोधत बसायला नको.

एव्हाना तिकडे उलटगणती चालू झालेली असते. मोठ्या मोहिमेला ती साधारण चोवीस ते सव्वीस तासांची असते. या वेळात घन इंधनाच्या टप्प्यांना काही भरायचं नसतं. ते आधीच ओतून, कडक होऊन जोडलेले असतात. भरायचे असतात द्रव टप्पे. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात यूएच-२५ हे इंधन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड, चौथ्यात मोनोमिथिल हायड्राझीन आणि नायट्रोजनची मिश्र ऑक्साइडं. ही रसायनं विषारी, पण साध्या तापमानाला टाकीत टिकणारी, म्हणून ती बरीच आधी भरली तरी चालतं. एलव्हीएम-३ आणि जीएसएलव्हीच्या वरच्या टप्प्यात द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांवर आणि द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर असतात. ते सतत उकळून उडत राहतात, म्हणून शेवटच्या तासांतच भरतात. अशा अतिथंड इंधनाच्या, म्हणजे क्रायोजेनिक, टप्प्याच्या मोहिमेत ऐनवेळी थांबण्याची शक्यता वाढते ती इथे: झडपा, गळती, दाब. अशा वेळी भरलेलं पुन्हा रिकामं करावं लागतं, आणि तेवढ्यात दिवस जातो.

हवामानाचं म्हणाल तर ऑक्टोबर ते डिसेंबर हा इथला मुख्य पाऊस. आपल्याकडे दिवाळीची थंडी सुरू होते तेव्हा तिकडे चक्रीवादळांचा हंगाम असतो. नुसत्या रिमझिमीने उड्डाण थांबत नाही. थांबतं ते विजेमुळे आणि वरच्या थरांतल्या वाऱ्यामुळे. त्यासाठी उड्डाणाआधी फुगे सोडून वेगवेगळ्या उंचीवरचा वारा मोजतात. खाली पान हलत नसताना ‘वारा जास्त आहे’ असं कळलं तर चेष्टा समजू नका.

तिसरा दिवस: उड्डाण

सुल्लुरपेटा ते श्रीहरिकोटा हा रस्ता पुलिकत सरोवरातून जातो. दोन्ही बाजूंना उथळ मचूळ पाणी, उन्हाळ्यात काही भाग पार कोरडा पडलेला. अंतर वीसेक किलोमीटर, पण रस्ता एकच, आणि गॅलरीचे लोक, कर्मचारी, पाहुणे, पोलीस सगळे त्याच रस्त्याने. गावातून उड्डाणाच्या किमान चार तास आधी निघा. पासावर पोहोचण्याची वेळ दिली असेल तर तिच्याही तासभर आधी. पहाटेचं उड्डाण असेल तर झोप विसरा. २९ जानेवारी २०२५ चं श्रीहरिकोट्यावरचं शंभरावं उड्डाण सकाळी ६:२३ चं होतं. अशा दिवशी रात्रीच निघावं लागतं.

गाडीत बसण्याआधी पोटभर खा. इडली-पोंगल चालेल, तेलकट नको. तपासणीत पास आणि ओळखपत्र प्रत्येकाच्या स्वतःच्या हातात हवं. सगळ्यांचं एकाच्या पिशवीत ठेवलं की रांग अडते आणि मागचे ओरडतात. आत रॉकेटांच्या प्रतिकृती आहेत, प्रदर्शन आहे. मुलांना आधी स्वच्छतागृहाकडे न्या, मग प्रतिकृतींकडे. बसायच्या पायऱ्यांवर जागा घेताना मोठ्या पडद्याजवळची नको. पडदा जिथे चांगला दिसतो तिथे लोक शेवटपर्यंत पडद्याकडेच बघत राहतात. आकाशाकडे तोंड केलेली, वरची, कडेची जागा बघा.

अंतराची कल्पना आधीच असू द्या. प्रेक्षक पॅडपासून, म्हणजे रॉकेट जिथून सुटतं त्या जागेपासून, काही किलोमीटर दूर असतात. सहा किलोमीटर धरले तर ४४ मीटरचं रॉकेट आकाशात अर्ध्या अंशापेक्षाही कमी दिसतं, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राहून थोडं लहान. त्यातही बसल्या जागेवरून झाडीच्या वर जेवढं येतं तेवढंच. टीव्हीवरच्या जवळच्या दृश्याची सवय असलेल्याला हे फार बारीक वाटतं. आठ किंवा दहा पट मोठं दाखवणारी दुर्बीण आत नेता आली तर उड्डाणाआधी पॅड बघायला उपयोगाची. उड्डाण सुरू झाल्यावर ती खाली ठेवा. दुर्बिणीतून उठतं रॉकेट पकडणं सवयीशिवाय जमत नाही, आणि शोधण्यातच वीस सेकंद जातात.

शेवटची दहा-पंधरा मिनिटं गणती संगणकाच्या हाती जाते. त्यानंतर माणूस फक्त थांबवू शकतो. प्रत्येक दाब, तापमान, झडप ठरलेल्या मर्यादेत नसेल तर संगणक आपणहून थांबतो. गगनयानच्या चाचणीत पाच सेकंदांवर झालं ते हेच. अशा वेळी गर्दी उठून चालू लागते. उठू नका. ‘थांबलं’ आणि ‘रद्द झालं’ यांत फरक आहे, आणि तो ध्वनिक्षेपकावर स्पष्ट सांगितला जातो.

आता काय बघायचं ते क्रमाने. पीएसएलव्हीच्या सहा बूस्टरवाल्या एक्सएल प्रकारात शून्याला मधली मोटार पेटते आणि लगेच सहापैकी चार बूस्टर. पांढऱ्या धुराचा ढग दोन्ही बाजूंना पसरतो आणि ठिणगीसारखा उजेड झाडीवर येतो. या सगळ्यात आवाज शून्य. पहिल्यांदा आलेल्यांना हीच शांतता चमत्कारिक वाटते आणि तेवढ्यात कुणीतरी ‘आवाज का नाही?’ विचारतो. ध्वनीला एक किलोमीटर यायला तिथल्या उष्ण हवेत जवळपास तीन सेकंद लागतात. उजेड दिसल्यापासून मनात आकडे मोजा. मोजलेल्या सेकंदांना तीनने भागलं की तुमच्या जागेपासून पॅडचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. मग आवाज येतो. आधी जमिनीतून आल्यासारखी घरघर, मग कोरी ताडपत्री टराटरा फाडावी तसा कडकडाट, छातीला जाणवणारा. लहान मुलं दचकतात, कानांना धोका नसतो. सर्वांत मोठा आवाज येतो तेव्हा रॉकेट खूप वर गेलेलं असतं, म्हणून आवाजाच्या दिशेने बघू नका, ज्वाळेवरून नजर हलवू नका.

पंचवीस सेकंदांनी उरलेले दोन बूस्टर हवेतच पेटतात. नीट बघणाऱ्याला ज्वाळेची जाडी वाढलेली दिसते. सत्तर सेकंदांच्या आसपास पहिले चार बूस्टर सुटतात आणि नव्वदच्या पुढे दुसरे दोन. स्वच्छ हवेत ते बारीक तुकड्यांसारखे मागे पडताना दिसतात आणि गॅलरीत हमखास एखादा ‘फुटलं!’ म्हणून ओरडतो. एकशे दहा सेकंदांच्या सुमारास पहिला टप्पा सुटतो आणि धुराची जाड पांढरी रेघ एकदम संपते. हेही बिघाडाचं लक्षण नव्हे. घन इंधनातल्या ॲल्युमिनियमच्या भुकटीचं ऑक्साइड होतं, तो पांढरा धूर. दुसऱ्या टप्प्याचं विकास इंजिन द्रव इंधनावर चालतं, त्याला दिसण्याजोगा धूर जवळपास नाही. पुढे दिसतो तो फक्त ठिपका.

एलव्हीएम-३ चं वेगळं आहे. उठताना फक्त दोन एस-२०० पेटलेले असतात, मधलं इंजिन बंदच. चांद्रयान-३ च्या वेळी, १४ जुलै २०२३ ला दुपारी २:३५ ला सुटल्यावर, मधला टप्पा १०८ व्या सेकंदाला हवेत पेटला आणि १२७ व्या सेकंदाला सुमारे ६२ किलोमीटर उंचीवर बूस्टर गळाले. जीएसएलव्हीत उलट: बाजूची चार द्रव इंजिनं शून्याच्या ४.८ सेकंद आधीच पेटतात, मग ती ठीक चालली आहेत असं दिसल्यावर मधली घन मोटार. घन मोटार एकदा पेटली की विझवता येत नाही. म्हणून हा क्रम. जीएसएलव्हीत पाच आकडे शिल्लक असताना धूर दिसला तर घाईने ओरडू नका.

फोटोचं थोडक्यात. फोनवर व्हिडिओ घेणार असाल तर आधीच दूरच्या झाडावर फोकस आणि उजेड कुलूपबंद करा, नाहीतर ज्वाळा आली की कॅमेरा सगळं काळं करतो किंवा ज्वाळेचा पांढरा डाग उरतो. फोन उभा धरा. रॉकेट आडव्या चौकटीतून दहा-पंधरा सेकंदांत बाहेर जातं. सगळ्यांत बरं म्हणजे फोन पिशवीला टेकवून चालू करून ठेवावा आणि आपण डोळ्यांनी बघावं. चांगली चित्रफीत इस्रो संध्याकाळी देतेच. रात्रीच्या उड्डाणाला तिपाईवर कॅमेरा नेता आला तर आयएसओ १००, छिद्र एफ-११ ते एफ-१६ आणि दोन मिनिटं उघडा शटर. पूर्ण कमान एका चौकटीत येते. त्यासाठी रुंद लेन्स हवी.

पास मिळालाच नाही तर सुल्लुरपेट्याच्या बाजूने मोकळ्या जागेतून, जिथे पोलीस उभं राहू देतात तिथून, पूर्वेकडे बघायचं. सकाळी सूर्य समोर येतो, म्हणून घराची किंवा पाण्याच्या टाकीची सावली शोधा. तमिळनाडूच्या हद्दीत सरोवराच्या दक्षिण टोकाला पळवेरकाडू आहे, तिथूनही वर चढणारी रेघ दिसते. तिथे अंतर इतकं आहे की आवाज मिनिटभराहून बराच उशिरा येतो आणि घरघरच उरते. चेन्नईतल्या गच्चीवरूनही स्वच्छ हवेत दिसतं, पण नाशिकहून तेवढ्यासाठी जाऊ नये.

पीएसएलव्ही सुटतं आग्नेयेला आणि पुढे दक्षिणेकडे वळतं. ध्रुवीय कक्षेसाठी सरळ दक्षिणेला जायचं तर वाटेत श्रीलंका येते, म्हणून हा वळसा, आणि वळशाला इंधन लागतं. तमिळनाडूत कुलशेखरपट्टिनमला नवा तळ होतो आहे तो लहान रॉकेटांचा हा वळसा वाचवायला. पूर्वेला जाणाऱ्या मोहिमांना मात्र श्रीहरिकोटाच सोयीचा. तिथे पृथ्वीच्या फिरण्याचा सेकंदाला साडेचारशे मीटरचा वेग फुकट मिळतो आणि खाली उघडा समुद्र.

आकाशात काही उरलं नाही की लोक टाळ्या वाजवून निघतात. निघू नका. एक तर कोंडी, दुसरं म्हणजे मोहीम अजून अर्धीही झालेली नसते. १८ मे २०२५ च्या पीएसएलव्ही-सी६१ चं उड्डाण खालून उत्तम दिसलं आणि तिसऱ्या टप्प्यात अडचण येऊन उपग्रह कक्षेत गेला नाही. चांद्रयान-३ रॉकेटपासून वेगळं व्हायला सोळा मिनिटं लागली. आदित्य-एल१ ला तासाभराच्या वर. पडद्यासमोर बसा, पाणी प्या आणि निकाल ऐका. तोवर धुराच्या रेघेकडेही बघत राहा: वेगवेगळ्या उंचीवरचा वारा तिला निरनिराळ्या दिशांना ओढतो आणि सरळ रेघ नागमोडी होते. संध्याकाळच्या उड्डाणात खाली अंधार आणि वरचा धूर उन्हात असला तर रंग बराच वेळ टिकतात.

चौथा दिवस: राखीव

उड्डाण कालच झालं असेल तर आज पक्षी. हिवाळ्यात पुलिकतमध्ये रोहित पक्ष्यांचे थवे असतात, आणि सुल्लुरपेट्याच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर नेलपट्टूचं अभयारण्य आहे. तिथे करड्या झोळीवाल्यांची वीण होते. नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघणाऱ्यांना पाणथळीची सवय असते, पण झाडांवर घरटी करून बसलेले एवढे झोळीवाले तिकडे मिळत नाहीत. पहाटे जा, नऊनंतर ऊन आणि घाम. उन्हाळ्यात हा बेत सोडा आणि श्रीकाळहस्ती करा.

उड्डाण आजच्या दिवसावर ढकललं असेल तर हाच दिवस कामी येतो. पास टाकून देऊ नका. नवी वेळ केंद्राच्या संकेतस्थळावरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या वेळांवर चालकाला बोलावू नका. परतीच्या तिकिटाचा निर्णय आज सकाळी १० च्या आत व्हायला हवा, कारण उद्याच्या गाडीचं तत्काळ तेव्हाच उघडतं. नवी तारीख तीन दिवसांच्या पुढची असेल तर परत निघा. ‘कदाचित परवा’ म्हणत लॉजवर बसून राहिलेल्यांचे पैसे जातात आणि अनेकदा उड्डाणही हुकतं.

पाचवा दिवस: चेन्नई आणि परत

सकाळच्या लोकलने चेन्नई सेंट्रल. सामान क्लोकरूममध्ये टाकायचं तर त्याला कुलूप हवं, नाहीतर घेत नाहीत. दिवसभर वेळ असेल तर कोट्टूरपुरमचं बिर्ला तारांगण आहे, समुद्रकिनारा आहे. मुंबईच्या रात्रीच्या गाडीने कल्याण दुसऱ्या दिवशी येतं. तिथून नाशिककडे जाणाऱ्या गाड्यांचं आरक्षण वेगळं काढा, आणि चेन्नईची गाडी दोन तास उशिरा येईल असं धरून काढा. रात्री उशीर झाला आणि गाडी चुकली तर कल्याणहून भिवंडी बायपासला जाऊन नाशिकची एसटी किंवा खासगी बस मिळते. सामान जास्त असेल तर नाशिकच्या द्वारका चौकात उतरा, तिथून रिक्षा कुठल्याही वेळी असतात.